बाकी पाच

दशांशचा एक ठाम दावा होता. तिला म्हणे रागच येत नाही! "मला राग येत नाही, मी फक्त दुरुस्ती करते," असं ती छातीठोकपणे सांगायची, आणि सांगताना तिच्या नाकपुड्या अशा फुललेल्या असायच्या की समोरचा माणूस दोन पावलं मागे सरून "बरोबर, बरोबर" म्हणायचा.

दशांश हे अर्थात तिचं पाळण्यातलं नाव नव्हे. थर्मामीटर तपासून देणाऱ्या एका प्रयोगशाळेत ती तीन वर्षं काम करत होती, आणि कुणी वेळ विचारली तर 'साडेनऊ' न म्हणता 'नऊ अठ्ठावीस' म्हणायची. तेव्हापासून हे नाव तिला चिकटलं. दवाखान्यांचे, औषधांच्या गोदामांचे, बेकऱ्यांचे थर्मामीटर तिच्या टेबलावर यायचे. ती ते कुटलेल्या बर्फात बुडवायची, दहा मिनिटं थांबायची आणि तीनदा वाचायची. थर्मामीटर खोटं बोलत असेल तर तो शून्यालाच उघडा पडायचा. माणसांना बुडवून बघता येईल असं बर्फाचं भांडं अजून कुणी काढलेलं नाही, ही तिची कायमची तक्रार.

तिला हवी होती एकच गोष्ट: सही! मोजायची ती, लिहायची ती, हात गारठायचे तिचे. आणि सर्टिफिकेटवर सही मात्र साहेबांची. आता साहेबांनी जाहीर केलं होतं की सहीचा अधिकार आणखी एकाला मिळेल. पुढच्या महिन्यात ऑडिट होतं, तेव्हा ते नाव ऑडिटरपुढे ठेवायचं. दशांशने वहीच्या मागच्या पानांवर सही गिरवायला घेतलीसुद्धा. शेवटी एक बारीक फाटा, अगदी आडवा.

उमेदवार दोन होते. दुसरा हसतमुख.

हसतमुख पलीकडच्या टेबलावर बसायचा आणि सदासर्वदा दात दाखवायचा. नियम असा होता की एकाने मोजलं की दुसऱ्याने ते तपासून खाली 'तपासले' अशी सही करायची. हसतमुख शीट हातात घ्यायचा, "वा, झकास!" म्हणायचा आणि सही ठोकायचा. दशांशने एकदा घड्याळ लावून बघितलं होतं. एकूण चार सेकंद. त्यातला दीड सेकंद पेनाचं टोपण काढण्यात!

एका सोमवारी सकाळी दहा अठ्ठावीसला साहेबांचा ऑफिसच्या ग्रुपवर मेसेज आला. "'सातवी कक्षा' ही मालिका आपण सगळेच बघतो. यानातले तुम्ही कोण? दहा प्रश्नांची क्विझ! मी आत्ताच दिली. फार अचूक! सर्वांनी द्या. नेतृत्वगुण कळतील."

'सातवी कक्षा' म्हणजे अंतराळात भरकटलेल्या एका यानाची गोष्ट. दर शनिवारी ते यान घरी पोचायला निघतं आणि दर शनिवारी पोचत नाही. क्विझमध्ये निकाल सहाच: कप्तान, वैज्ञानिक, यंत्रज्ञ, वैद्य, गद्दार आणि दार. हो, दार! यानाला एक बोलणारं दार आहे. ते प्रत्येक भागात एकच वाक्य म्हणतं, "आत येण्यास परवानगी नाही."

अकराच्या चहाला दशांशने क्विझ दिली. वैज्ञानिक येणार यात तिला तिळमात्र शंका नव्हती. तसं तिने आधी बोलूनही दाखवलं.

"तुम्ही आहात: दार!"

हसतमुखाने तिच्या खांद्यावरून डोकावून बघितलं आणि अख्खी चहाची खोली डोक्यावर घेतली. "दार! अहो, ऐका, ही दार निघाली!"

"काय सांगतोस!" "अगदी बरोबर!" "परवा माझं पार्सल परत नाही का पाठवलंन, चिठ्ठीवर तारीख नव्हती म्हणून!"

"तारीख नव्हतीच," दशांश म्हणाली.

"बघा, बघा! दार बोललं!"

हसतमुख स्वतः चहावरून नेहमीच उशिरा उठायचा. सगळे गेल्यावर त्याने निवांत क्विझ दिली आणि कप्तान निघाला. साहेबांनी ते ऐकलं, पाठीवर थाप मारली, म्हणाले, "मला वाटलंच होतं!" दुपारपर्यंत सगळे त्याला कप्तान म्हणू लागले. दशांश खोलीत शिरली की कुणीतरी यांत्रिक आवाजात "परवानगी नाही" म्हणायचं. संध्याकाळी घरी जाताना तिने एप्रन काढला, तर पाठीवर कागद चिकटवलेला. त्यावर मोठ्या अक्षरात: 'ढकला.' दिवसभर ती तो मिरवत फिरली होती!

"आई, मी दार आहे का?" घरात पाऊल टाकताच तिने विचारलं.

आई 'सातवी कक्षा'चा एकही भाग चुकवत नसे. तिची त्या यानाबद्दल एकच तक्रार होती. एवढी माणसं राहतात, पण झाडू मारताना कधी कुणी दिसत नाही. "दार? चांगलंय की! अगं, ते दार नसतं तर पहिल्याच भागात सगळी हवा निघून गेली असती. सगळे खल्लास!"

"आई, मी गंभीरपणे बोलतेय."

"मी काय गंमत करतेय? तो कप्तान बघ. दर वेळी दार नाही म्हणतं, हा ते उघडायला लावतो, आणि मग तासभर सगळे बोंबलत पळतात!"

"पण माझं डोकं, माझा अभ्यास... मी वैज्ञानिक आहे!"

"जेवायला बस आधी. आणि दार लाव ते, उघडंच टाकून आलीस."

दुसऱ्या दिवशी साहेबांनी हसतमुखाचं नाव कागदावर घातलं. "तुझं काम चोख आहे गं," ते दशांशला म्हणाले, "पण सही म्हणजे नेतृत्व. त्याला एक वेगळाच पिंड लागतो. ती क्विझ काही उगाच नाही."

"साहेब, ती क्विझ कुणी तपासलीय?"

"म्हणजे?"

"आपण पावाच्या भट्टीचा थर्मामीटरसुद्धा तपासल्याशिवाय बाहेर सोडत नाही. आणि या क्विझवर माणसाची पारख करायची?"

"अगं, चिडतेस काय एवढी?"

"मी चिडलेली नाही!" ती म्हणाली. साहेबांच्या टेबलावरचा पाण्याचा ग्लास थरथरला.

तिने तिथल्या तिथे ठरवलं. यंत्र खोटं आहे ना? मग ते खोटं आहे हे मोजून दाखवायचं! तिने कपाटातून नवं शीट काढलं. प्रयोगशाळेची शीटं छापील नंबरांची असत. प्रत्येकावर वीस ओळी, प्रत्येक ओळीला तारीख, वेळ, वाचन. त्यातलं एकही फाडता येत नसे, फेकता येत नसे. आता हे खासगी काम साध्या वहीत करावं हे दुसऱ्या कुणालाही सुचलं असतं. दशांशला नाही सुचलं. शीटवर नाही ते मोजमाप नाही, हे तिच्या हाडात भिनलेलं होतं. 'उपकरण' या रकान्यात तिने लिहिलं: क्विझ. 'ग्राहक' या रकान्यात: स्वतः.

पहिल्या दिवशी तीच दहा उत्तरं तीनदा देऊन बघितली. चहाला, जेवणाच्या सुट्टीत आणि निघताना. अकरा पाच, एक पाच, पाच पस्तीस. दार, दार, दार! मग रोज तीनदा, दर वेळी एकच उत्तर बदलून. दहा प्रश्न, प्रत्येकाची उरलेली तीन-तीन उत्तरं, म्हणजे तीस वाचनं, दहा दिवस. 'संकटात तुम्ही काय कराल?' या प्रश्नाला 'सर्वांना धीर देईन' म्हटलं तरी दार. 'पळून जाईन' म्हटलं तरी दार. 'शत्रूला सामील होईन' म्हटलं, तरीही दार! अकरा दिवस, तेहतीस वाचनं, तेहतीस दारं! इतकं स्थिर उपकरण तिने अख्ख्या नोकरीत पाहिलं नव्हतं. रोज रात्री ती दात इतके आवळायची की आई म्हणाली, "दाताच्या डॉक्टरकडे मापं द्यायला जायचंय का?"

बाराव्या दिवशी बर्फ कुटायचं यंत्र अडलं. कपडे सांभाळत, शिव्या गिळत, हातोडीने बर्फ फोडून दशांश चहाला गेली ती एक मिनिट उशिरा. आयुष्यात पहिल्यांदा! अकरा सहा. तिने चिडूनच भराभर बोटं मारली.

"तुम्ही आहात: कप्तान!"

चहा कपातच राहिला. उत्तरं कालचीच होती. बोटं तीच, फोन तोच. मग बदललं काय? तिने शीट काढलं आणि वाचनांच्या रकान्यावरून डावीकडे सरकत सरकत तिची नजर वेळेच्या रकान्यावर थांबली. अकरा पाच. एक पाच. पाच पस्तीस. अकरा पाच. एक पाच. पाच पस्तीस...

"अगं बाई!" दशांश म्हणाली.

त्या दिवशी तीन ते चार ती जागेवरून हलली नाही. दर मिनिटाला एक, अशी साठ वाचनं. शून्याव्या मिनिटाला कप्तान, मग वैज्ञानिक, यंत्रज्ञ, वैद्य, गद्दार, दार, आणि पुन्हा कप्तान. क्विझ उत्तरं वाचतच नव्हती! मिनिटांना सहाने भागायचं, बाकी शून्य उरली की कप्तान, पाच उरली की दार. बस्स! आणि दशांश चहाला, जेवायला, घरी जायला रोज घड्याळाच्या काट्यावर उठायची, म्हणून तिची बाकी रोज पाच. ज्या गुणामुळे तिला सही मिळायला हवी होती, त्याच गुणामुळे ती दार झाली होती! आणि तो हसतमुख? चहावर रेंगाळला म्हणून कप्तान! ग्रुपवर त्याने निकाल टाकला होता अकरा बाराला!

एकूण चौऱ्याण्णव ओळी, पाच शीटं. शेवटच्या शीटवर सहा ओळी उरल्या, त्यांवर तिने नियमाप्रमाणे तिरकी रेघ मारली, खाली लिहिलं, 'निष्कर्ष: उपकरण उत्तरांना दाद देत नाही. वापरास अयोग्य. काम समाप्त,' आणि शीटं टेबलावरच टाकून तशीच साहेबांच्या केबिनकडे धावली. वाटेत तिने साहेबांचा तो जुना मेसेज उघडला, वेळ बघितली, मनात भागाकार केला आणि बारा दिवसांत पहिल्यांदा हसली.

"साहेब, क्विझ मिनिटावर चालते!"

"परवा ऑडिट आहे. आत्ता नको."

"हसतमुख कप्तान नाहीये, तो फक्त उशिरा उठतो!"

"अगं, नाव देऊन झालंय. आता बदललं तर बरं दिसत नाही."

एवढ्यात मागून नोंदवाल्या काकूंचा आवाज आला. प्रयोगशाळेतला प्रत्येक कागद काकूंच्या हातून जायचा आणि त्यातला एकही त्या वाचायच्या नाहीत. समोर दिसेल ते टाइप करायच्या. "अगं, ग्राहकाच्या जागी 'स्वतः' लिहिलंय. पत्ता काय घालू?"

"इथलाच घाला!" दशांश मागे न बघता ओरडली आणि पुन्हा साहेबांकडे वळली. "साहेब, तुम्ही क्विझ दहा अठ्ठावीसला दिलीत."

"बरं, मग?"

"अठ्ठावीसला सहाने भागून चार उरतात."

"मग?"

"चार म्हणजे गद्दार."

साहेबांचा चेहरा उकडलेल्या बीटासारखा झाला. बारा दिवस त्यांनी स्वतःचा निकाल कुणाला का सांगितला नव्हता, हे आता कळलं. "बाहेर जा," ते म्हणाले.

ती टेबलावर परत आली तर शीटं गायब!

"मी उचलली," काकू शांतपणे म्हणाल्या आणि भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे दशांशनेच स्वतःच्या अक्षरात लिहिलेली सूचना होती: 'काम संपलेले शीट टेबलावर राहता कामा नये. त्याच दिवशी पुढे पाठवावे.' त्याखाली दोन रेघा.

"काकू, ती परत द्या!"

"नंबराचं शीट परत देता येत नाही. तुझाच नियम, तिसरा. आत्ताच कप्तानाची सही झाली, आता साहेबांकडे चाललेय."

"वाचलं त्याने?"

"झकास म्हणाला."

दशांश मटकन खाली बसली. त्या क्षणी तिला काय करता आलं असतं? साहेबांच्या केबिनमध्ये पुन्हा जायचं, तर त्यांनी नुकतंच बाहेर काढलं होतं. काकूंशी भांडायचं, तर नियम आपलेच! साहेबांनी ऑडिटच्या घाईत सत्तावीस कागदांवर एका दमात सह्या केल्या आणि त्यात हाही गेला. कपाटाला कुलूप लागलं.

ऑडिटर बाई आल्या. मूर्ती लहान, आणि आवाज इतका मऊ की कापसालाही ऐकायला कान द्यावा लागेल. त्या फक्त "हं" म्हणायच्या. प्रत्येक "हं"ला साहेब एक घोट पाणी प्यायचे. दुपारी बाईंनी कपाट उघडायला लावलं, डोळे मिटले आणि एक फाइल ओढली. कपाटात दोनशे फायली होत्या. दशांशने मनात शक्यता काढली: एक छेद दोनशे, म्हणजे अर्धा टक्का. घाबरण्यासारखं काही नाही.

"'क्विझ' हे कसलं उपकरण?" बाईंनी विचारलं.

साहेबांनी एका दमात अर्धा ग्लास संपवला.

फाइलमध्ये सर्टिफिकेट होतं. जाड कागदावर, शिक्क्यासकट. प्रयोगशाळेनेच प्रयोगशाळेला दिलेलं! 'उपकरण: क्विझ. स्थिती: वापरास अयोग्य.' मोजणाऱ्याची सही, तपासणाऱ्याची सही, मंजुरीची सही. मागे पाच शीटं. बाईंनी खुर्ची ओढली आणि पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. चौऱ्याण्णव ओळी!

"आठव्या ओळीत चूक खोडलीय. एकच रेघ, बाजूला सही, तारीख. हं." मग त्या हसतमुखाकडे वळल्या. "'तपासले' ही सही तुमची?"

"हो," हसतमुख सगळे दात दाखवत म्हणाला.

"सहीच्या अधिकारासाठी तुमचंच नाव आलंय ना? मग सांगा, चौतिसावं वाचन वेगळं का आलं?"

हसतमुखाने त्या पानाकडे असं बघितलं, जसं पहिल्यांदाच बघतोय. पहिल्यांदाच बघत होता! "बर्फ... बर्फाचा काहीतरी घोळ झाला असणार."

दशांशच्या अंगाचा तिळपापड झाला, कारण खरं बघता बर्फाचा घोळ झालाच होता! न वाचता, न समजता, हा माणूस अर्धा बरोबर निघाला!

"बर्फाचा?" बाई म्हणाल्या. "दार, दार, दार, आणि मग कप्तान. बर्फामुळे?"

हसतमुखाचे दात एकेक करून झाकले गेले. तीन वर्षांत प्रथमच त्याचे ओठ कसे दिसतात ते सगळ्यांना कळलं.

"आणि मंजुरी तुमची," बाई साहेबांना म्हणाल्या. साहेबांनी पाणी प्यायला ग्लास उचलला. तो रिकामा होता.

"मोजलं कुणी?"

"मी!" दशांश पुढे आली. आता गेलंच आहे तर सगळंच जाऊ दे, असं वाटून ती तोंडाला फेस येईपर्यंत बोलली. त्या क्विझबद्दल, पाठीवरच्या कागदाबद्दल, चार सेकंदांच्या सह्यांबद्दल. "आणि मी चिडलेली नाही!" असं शेवटी म्हणाली तेव्हा तिचा आवाज रस्त्यावर ऐकू गेला असावा.

"हं," बाई म्हणाल्या. त्यांनी पर्समधून फोन काढला, क्विझ उघडली, दहा प्रश्नांवर न वाचता बोटं मारली आणि मग शेवटच्या बटणावर अंगठा धरून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिल्या. चार पंधरा. चार सोळा. चार सतरा झाले आणि त्यांनी बटण दाबलं.

"तुम्ही आहात: दार!"

"ठीक," त्या समाधानाने म्हणाल्या, फोन आत ठेवला आणि हसतमुखाकडे बोट केलं. "यांचं नाव मागे घ्या. न वाचता मंजुरी दिल्याबद्दल साहेबांचा अधिकार मी पंधरा दिवस थांबवतेय. तोवर सही या करतील."

तीन वर्षं! दशांशला पुढचं काही ऐकूच आलं नाही. तिने मनातल्या मनात तो आडवा फाटा दोनदा ओढला. बाई लिहीत होत्या, कागद फाडत होत्या, निरोप घेत होत्या. भानावर आली तेव्हा काकू समोर उभ्या होत्या.

"बाई हे देऊन गेल्यात. आजच बंद करायचंय. अधिकृत सही लागेल म्हणे."

दशांशने पेन उघडलं, मान ताठ केली आणि कागद वाचला. वाचला, कारण ती वाचल्याशिवाय सही करत नसे.

'दोष: कार्यालयाची नंबराची पाच शीटे व कामाचा एक तास खासगी उपकरण तपासण्यासाठी वापरला. जबाबदार:' पुढे तिचं स्वतःचं नाव. 'दुरुस्ती:' पुढे रिकामी जागा. खाली, 'अधिकृत सही.'

तिच्या नाकपुड्या फुलल्या. काकू दोन पावलं मागे सरल्या.

"राग आला का गं?"

"छे! मला राग येत नाही," दशांश म्हणाली. "मी फक्त दुरुस्ती करते." आणि रिकाम्या जागेत तिने लिहिलं, 'यापुढे असे प्रयोग घरी, साध्या वहीत करीन.' खाली आयुष्यातली पहिली अधिकृत सही केली. फाटा जरा वाकडा आला.

काकू कागद घेऊन निघाल्या आणि दारातून परतल्या. "अगं, वेळ घालायची राहिली. तुझाच नियम."

दशांशने घड्याळाकडे बघितलं, वेळ लिहिली आणि सवयीने मनात भागाकार केला.

पाच पस्तीस. बाकी पाच.